फाटकापलीकडचा वसंत

फाल्गुनांतली एक सकाळ मला अजून स्वच्छ आठवते. त्या वेळीं मी एका लहानशा गांवीं शाळेवर मास्तर होतों. सातवीच्या वर्गांतील बावीस मुलें बरोबर घेऊन, गांवापासून दीड कोसावर असलेल्या एका धनिक गृहस्थाच्या बागेकडे मी निघालों होतों. त्या बागेंत जुन्या आंब्यांची राई होती आणि विहिरीजवळ सांवरीचीं दोन थोर झाडें होतीं. फाल्गुन लागला कीं सांवरीचीं पानें गळून जात व सारें झाड तांबड्या फुलांनीं भरून जाई. त्या फुलांतला मध चाखावयास सकाळच्या प्रहरीं किती जातींचे पक्षी येतात, हें मुलांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, एवढाच माझा हेतु होता. फाटकापाशीं पोंचलों तों मुकादम आडवा आला. "मास्तर, आंत सोडायचा हुकूम नाहीं," एवढेंच तो म्हणाला. मीं पुष्कळ विनवणी केली. ती व्यर्थ गेली. शेवटीं मुलांनीं फाटकाच्या गजांमधून जेवढें दिसलें तेवढें पाहिलें, सात जातींचे पक्षी मोजले, आणि आम्ही परत फिरलों.

त्या दिवशीं मला राग आला, हें मी लपवीत नाहीं. राग दोन दिवसांत ओसरला. परंतु त्यांतून उठलेला एक प्रश्न मात्र पुढें पुष्कळ वर्षें मनांत मुक्कामास राहिला. चार समानधर्मी माणसांनीं निसर्ग-मंडळ स्थापावें आणि ऋतु बदलूं लागला कीं एखाद्या रम्य स्थळीं निरीक्षणास जावें, ही चाल इंग्लंडांत चांगलीच रुजलेली. त्या इंग्लंडांत तर गांवोगांव उमरावांच्या जहागिरी, त्यांभोंवतीं उंच भिंती, आणि भिंतींत लोखंडी फाटकें. मग तेथील मास्तरास आणि त्याच्या मुलांस आंत कोणीं घेतलें? तें फाटक कोणाच्या कृपेनें उघडलें, कीं कोणाच्या हट्टानें? सेवानिवृत्त झाल्यावर या प्रश्नाच्या मागें लागून जें कांहीं वाचलें, त्याचें सार आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम आपण मनानें अशा एका सहलीस जाऊं. इंग्लंडच्या अगदीं उत्तरेस, स्कॉटलंडच्या सीमेला लागून, नॉर्थंबरलंड नांवाचा परगणा आहे. तेथें न्यूकॅसल शहरापासून सुमारें वीस मैलांवर, वान्सबेक नांवाच्या लहान नदीच्या कांठीं, वॉलिंग्टन नांवाची जुनी जहागीर आहे. मधोमध दगडी वाडा, समोर विस्तीर्ण हिरवळ, बाजूस तळीं, आणि नदीकडे उतरत जाणारें उंच वृक्षांचें रान. फेब्रुवारी सरत आला कीं निसर्गप्रेमी मंडळी येथें येऊं लागते. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी कचेरींतला कारकून. अंगांत जाड लोकरी कोट, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यांत दुर्बीण आणि खिशांत टिपणवही. आपल्याकडचे हे माघ-फाल्गुनाचे दिवस. परंतु तेथें सकाळीं गवतावरचें दंव गोठलेलें असतें आणि बोलतांना तोंडांतून वाफ निघते.

अशा थंडींत ही मंडळी घराबाहेर कां पडते, अशी शंका कोणासहि येईल. त्याचें कारण असें कीं, पाहाणाऱ्यास हाच काळ फार सोयीचा असतो. ओक वृक्षास पालवी फुटावयास एप्रिल उजाडावा लागतो. तोंवर रान उघडें असतें, आणि उघड्या फांदीवर बसून गाणारा पक्षी लपूं शकत नाहीं. विणीचा काळ जवळ आलेला असल्यानें नर पक्षी आपापली हद्द राखण्यासाठीं मोठ्यानें गात असतात. रूक नांवाचा, कावळ्याच्या कुळांतला पक्षी मार्चमध्यें उंच झाडांच्या शेंड्यांवर वसाहत करून घरटीं बांधतो. खालीं उभें राहून तीं एक एक करून मोजतां येतात. राखी बगळा तर फेब्रुवारी-मार्चमध्येंच अंडीं घालूं लागतो. खालीं जमिनीवर स्नोड्रॉपचीं पांढरीं, मान खालीं घातलेलीं फुलें पसरलेलीं असतात. या फुलानें आपली शिदोरी आदल्या वर्षीं जमिनींतल्या कांद्यांत साठवून ठेवलेली असते. वरच्या वृक्षांचें छत्र मिटण्यापूर्वीं जो प्रकाश जमिनीपर्यंत पोंचतो, तेवढ्यांत तें आपला वर्षाचा संसार उरकून घेतें. हेझलच्या झुडपावर पिवळे तुरे लोंबत असतात. त्यांतील पराग वाऱ्यानें वाहून जातो, आणि वाटेंत पानांचा अडथळा नसावा म्हणून तें झुडूप पालवीच्या आधींच फुलतें. पानें गळल्यावर फुलणाऱ्या आमच्या सांवरीचीं आणि पळसाचीं फुलें पक्ष्यांस दुरून दिसतात, तशांतलीच ही सोय.

आज कोणीहि तिकीट काढून त्या रानांत फिरूं शकतो. परंतु दोनशें वर्षांपूर्वीं अशीच मंडळी एखाद्या जहागिरींत न विचारतां शिरली असती, तर त्यांतील एखाद्याचा पाय कायमचा गेला असता. हें मी अतिशयोक्तीनें बोलत नाहीं.

पूर्वीं इंग्लंडांतील खेड्यांभोंवतीं, आपल्याकडील गायरानासारखी, सामाइक जमीन असे. तेथें गुरें चारावीं, सरपण आणावें, हा गांवकऱ्यांचा वहिवाटीचा हक्क असे. ती जमीन कुंपणें घालून खासगी मालकीची करण्याचा सपाटा पार्लमेंटानें लावला. १६०४ पासून १९१४ पर्यंत अशा कुंपणांचे ५,२०० हून अधिक कायदे झाले, व त्यांखालीं सुमारें ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकपंचमांशाहून थोडी अधिक जमीन गेली. शिकारीचे कायदे त्याहून कडक होते. १६७१ च्या कायद्यानें शिकारीचा हक्क मुख्यतः वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असणाऱ्यांपुरताच ठेवला. गरीब शेतकऱ्यानें आपल्या शेतांतला ससा मारला तरी तो गुन्हेगार ठरे. १८१६ च्या कायद्याप्रमाणें, रात्रीं जाळें किंवा बंदूक घेऊन दुसऱ्याच्या रानांत शिकारीच्या हेतूनें शिरणाऱ्यास सात वर्षें समुद्रापार हद्दपारीची शिक्षा होऊं शके. याशिवाय जमीनदार आपल्या रानांत दोन प्रकारचे सांपळे लावीत. एक, मनुष्याचा पाय पकडणारा लोखंडी दांत्यांचा जबडा. आणि दुसरा, वाटेवरच्या तारेला पाय लागतांच आपोआप उडणारी बंदूक. ही बंदूक चोरासाठीं लावलेली असे. परंतु चोर कोण आणि फुलें वेंचावयास आलेलें पोर कोण, हें तिला कळत नसे. १८२७ मध्यें पार्लमेंटानें रानांतल्या या सांपळ्यांस बंदी केली, आणि १८३१ मध्यें शिकारीसाठीं असलेली मिळकतीची अट रद्द झाली. हीं दोन सालें ध्यानांत ठेवावीं. पुढील कथा त्यांच्या आसपासच घडते.

याच काळांत यॉर्कशायर परगण्यांत, वेकफील्ड गांवाजवळच्या वॉल्टन हॉल नांवाच्या जहागिरींत, चार्लस वॉटर्टन नांवाचा एक विक्षिप्त गृहस्थ राहत होता. त्याचा जन्म १७८२ चा. दक्षिण अमेरिकेंतील गियानाच्या अरण्यांत तो अनवाणी हिंडला होता, आणि १८२५ मध्यें त्याचें प्रवासवर्णन प्रसिद्ध होऊन पुष्कळ गाजलें होतें. यानेंहि आपल्या जहागिरीभोंवतीं भिंत बांधली. १८२१ ते १८२६ या वर्षांत, तीन मैल लांबीची, कोठें आठ फूट तर कोठें सोळा फूट उंचीची. तिला नऊ हजार पौंडांच्या आसपास खर्च आला. परंतु शेजारच्या जमीनदारांची भिंत आपल्या बंदुकीसाठीं पक्षी राखून ठेवीत होती, आणि वॉटर्टनची भिंत पक्ष्यांस सर्वच बंदुकांपासून राखीत होती. भिंतीच्या आंत एकहि गोळी झाडावयाची नाहीं, असा त्याचा सक्त नियम होता.

त्याचा वाडा एका तळ्याच्या मधोमध बेटावर होता. तळ्यांत बदकें उतरत, कांठच्या झाडांवर बगळे घरटीं करीत. घुबड म्हणजे अपशकुन, ही समजूत आपल्याकडे आहे तशीच त्या देशींहि होती. वॉटर्टननें १८१३ मध्यें एका जुन्या पडक्या वेशीवर घुबडांसाठीं दगडचुन्याची मुद्दाम खोली बांधून दिली, आणि घुबडांनीं ओकून टाकलेल्या गोळ्या फोडून, त्यांत उंदरांचीं हाडें दाखवून, हा पक्षी शेतकऱ्याचा मित्र आहे हें लोकांस पटविलें. नदीकांठच्या मातींत बिळें करून राहणाऱ्या पाकोळ्यांसाठीं त्यानें भोंकांची भिंत उभारली. पक्ष्यांसाठीं माणसानें घर बांधून देण्याचीं हीं फार प्रारंभींचीं उदाहरणें होत.

आणि त्याचें फाटक? तें त्यानें माणसांस बंद ठेविलें नाहीं. आसपासच्या गांवांतले लोक त्याच्या रानांत वनभोजनास येत. वेकफील्डच्या वेड्यांच्या इस्पितळांतील रोगी तेथें आणले जात व दुर्बिणींतून तळ्यावरचे पक्षी पाहत. १८४५ मध्यें चार्लस डार्विनहि तेथें येऊन गेला.

येथेंच कथा संपती तर फार गोड झालें असतें. परंतु जहागिरीच्या शेजारीं साबणाचा एक कारखाना निघाला. त्याच्या धुरानें झाडें जळूं लागलीं, आणि वॉटर्टनला त्याच्याशीं वर्षानुवर्षें कोर्टांत भांडावें लागलें. अखेर कारखाना तेथून हलला. १८६५ मध्यें वॉटर्टन वारला. त्याचा मुलगा एडमंड याला बापाचें वेड नव्हतें. ज्या रानांत चाळीस वर्षें बार निघाला नव्हता तेथें पुन्हां बंदुका वाजल्या. पुढें जहागीर विकली गेली, आणि ती घेतली त्याच साबणवाल्याच्या घराण्यानें. आज बेटावरच्या त्या वाड्यांत हॉटेल आहे.

श्रोतेहो, वॉटर्टनसारखा उदार मालक शोधूनहि सांपडणार नाहीं. तरी त्याची तीन मैलांची भिंत त्याच्या आयुष्यापेक्षां लांब ठरली नाहीं. मालकाच्या मनानें उघडलेलें फाटक वारसाच्या मनानें बंद होतें, एवढें यांतून मला उमगलें. मग ज्यास मरण नाहीं असा मालक किंवा असा पाहुणा कोठून आणावयाचा? त्याचें उत्तर वाड्यांत सांपडलें नाहीं. तें दारूच्या गुत्त्यांत सांपडलें.

दचकूं नका. मँचेस्टरच्या आसपास हातमागावर कापड विणणारे कोष्टी, चांभार, माळी अशा कष्टकरी लोकांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं वनस्पति-मंडळें चालविलीं होतीं. रविवार हा त्यांचा सुट्टीचा एकच दिवस, आणि गुत्ता ही त्यांना परवडणारी एकच बैठकीची जागा. दरमहा थोडी वर्गणी काढून ते पुस्तकें विकत घेत व तीं गुत्त्यांतच ठेवीत. बैठकीस येतांना प्रत्येकानें रानांतून कांहीं वनस्पति आणावयाची. टेबलावर त्यांचा ढीग पडे. अध्यक्ष एक एक फांदी उचलून तिचें लॅटिन नांव उच्चारी, आणि मग ती हातोहात सगळ्यांकडे फिरे. प्रेस्टविच येथील मंडळाचा अध्यक्ष जॉन हॉर्सफील्ड हा जातिवंत विणकर. लिनीअसनें केलेले वनस्पतींचे चोवीस वर्ग त्यानें कागदावर उतरून घेतले आणि तो कागद आपल्या मागाच्या खांबाला लावला. हात धोटा फेंकीत, आणि डोळे मधून मधून कागदाकडे जात. याच विणकरानें डॅफोडिल या वसंतारंभीं फुलणाऱ्या फुलाची एक नवी सुंदर जात तयार केली. ती त्याच्या नांवानें ओळखली जाते.

या लोकांस रान पाहिजे होतें, आणि रानाकडे जाणाऱ्या पायवाटा जमीनदार एकामागून एक बंद करीत होते. भिंत चढून जाणें धोक्याचें. तेव्हां मँचेस्टरच्या नागरिकांनीं १८२६ मध्यें जुन्या पायवाटांच्या रक्षणासाठीं एक संघ स्थापिला. वर्षानुवर्षें लोक जिच्यावरून चालत आले ती वाट मालकास आपल्या मर्जीनें बंद करतां येणार नाहीं, ही गोष्ट त्यांनीं कोर्टांत मांडली. रिचर्ड बक्स्टन नांवाचा गरीब चांभार, ज्यानें तरुणपणीं स्वतःच्या प्रयत्नानें वाचावयास शिकून घेतलें, त्यानें १८४९ मध्यें मँचेस्टरच्या सोळा मैलांच्या परिघांतील फुलझाडांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या प्रस्तावनेंत, शहरांत कोंडलेल्या कामकऱ्यांसाठीं जुन्या पायवाटा मोकळ्या ठेवाव्या, अशी त्यानें जमीनदारांस विनंती केली आहे. आयुष्यभर पायताणें शिवणाऱ्यानें चालण्याच्या वाटेसाठीं पदर पसरावा, यांत मला तरी मोठी शोभा दिसते.

दुसरा प्रयत्न सुशिक्षित मध्यम वर्गाचा. बर्विक या सरहद्दीवरील गांवीं डॉ. जॉर्ज जॉन्स्टन (१७९७–१८५५) नांवाचे वैद्य होते. शिकारीच्या कायद्याची अट ज्या सालीं रद्द झाली त्याच १८३१ सालीं, सप्टेंबर महिन्यांत, त्यांनीं थोड्या मित्रांसह बर्विकशायर निसर्ग-अभ्यासक मंडळ स्थापिलें. अशा क्षेत्र-मंडळांचें हें मूळ मानतात. नियम साधे होते. प्रत्येक वेळीं निराळ्या गांवीं जमावयाचें. सकाळीं एकत्र न्याहारी करून समुद्रकांठ, दरी किंवा मालकाची परवानगी असेल तर त्याचें रान पायीं हिंडावयाचें. संध्याकाळीं जेवण झाल्यावर जें पाहिलें तें सांगावयाचें, आणि वर्षअखेर तें छापून ठेवावयाचें. ट्विझेलचा जमीनदार प्रिडो जॉन सेल्बी, जो स्वतः मोठा पक्षिशास्त्रज्ञ होता, तो या मंडळाचा सभासद झाला. म्हणजे फाटकाचा धनी आणि फाटकाबाहेरचा वैद्य एका टेबलाशीं जेवूं लागले. डॉ. जॉन्स्टन यांच्या पत्नी कॅथरिन याहि निष्णात चित्रकार होत्या. पतीच्या समुद्रजीवांवरील ग्रंथांतील चित्रें त्यांनीं काढलीं. या मंडळाचें पाहून टाइनसाइड व कॉट्सवोल्ड येथें १८४६ मध्यें, आणि हेरेफर्ड येथें १८५१ मध्यें अशींच मंडळें निघालीं. बर्विकचें मंडळ आजहि चालूं आहे.

मंडळ मरत नाहीं, हें त्याचें बळ. डॉ. जॉन्स्टन गेले, सेल्बी गेला. परंतु पुढच्या वर्षींची सहल ठरल्याप्रमाणें निघाली. कोणत्या वर्षीं कोणतें फूल कोठें दिसलें, कोणता पक्षी आला नाहीं, हें मंडळाच्या वहीनें आजोबांकडून घेऊन नातवाच्या हातीं दिलें.

परंतु न्याय करावयाचा तर दोन्ही बाजूंचा करावा. पाहुण्यांचेंहि चुकलें. १८५० च्या सुमारास इंग्लंडांत नेच्यांचें असें वेड पसरलें कीं, घरोघर कांचेच्या पेटींत नेचे लावण्यासाठीं लोकांनीं दऱ्या उघड्याबोडक्या केल्या. विरळ फुलें मुळांसकट उपटून पुस्तकांत दाबण्यांत आलीं. अंडीं गोळा करण्याच्या नादांत घरटीं लुटलीं गेलीं. विद्वान् सभासदहि यांतून सुटले नव्हते. अशी मंडळी दारांत येतांना पाहून एखाद्या मालकानें फाटकास कुलूप घातलें असेल, तर त्याला दोष कसा द्यावा? हें शहाणपण हळूहळू आलें. १८६९ मध्यें समुद्रपक्ष्यांसाठीं आणि १८८० मध्यें वन्य पक्ष्यांसाठीं रक्षणाचे कायदे झाले. टोप्यांवरील पिसांसाठीं होणारी पक्ष्यांची कत्तल थांबावी म्हणून १८८९ मध्यें कांहीं स्त्रियांनीं चळवळ सुरू केली, आणि तिच्यांतूनच पुढें पक्षिरक्षणाची मोठी संस्था उभी राहिली. उपटणें थांबलें आणि पाहाणें सुरू झालें, तेव्हां कोठें पाहुणा विश्वासास पात्र झाला.

आतां पुन्हां वॉलिंग्टनकडे वळूं. या जहागिरीचें घराणें ट्रेव्हेलियन. हिंदुस्थानच्या इतिहासाच्या वाचकांस हें नांव अपरिचित नाहीं. आपल्या इंग्रजी शिक्षणाचा पाया ज्या मेकॉलेनें १८३५ मध्यें घातला, त्याच्या बहिणीचे यजमान सर चार्लस एडवर्ड ट्रेव्हेलियन हे पुढें मद्रासचे गव्हर्नर झाले, आणि वॉलिंग्टन त्यांच्याकडे वारशानें आलें. त्यांचा नातू सर चार्लस फिलिप्स ट्रेव्हेलियन हा मात्र निराळ्या घडणीचा निघाला. १९०८ मध्यें पार्लमेंटाचा सभासद असतांना, डोंगर व माळ यांवर हिंडण्याचा हक्क सर्व लोकांस द्यावा, असें बिल त्यानें मांडलें. स्वतः जमीनदाराचा मुलगा, आणि जमीनदारांच्या कुंपणावर घाव घालणारें बिल! तें पास झालें नाहीं. पुढें मजूर पक्षाच्या मंत्रिमंडळांत तो शिक्षणमंत्री झाला.

१९२८ मध्यें वॉलिंग्टन त्याच्या हातीं आलें. वॉटर्टनच्या पुढें जो प्रश्न होता तोच याच्याहि पुढें होता: माझ्यामागें काय? उत्तर मात्र आतां तयार होतें. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली या तिघांनीं १८९५ मध्यें नॅशनल ट्रस्ट नांवाची संस्था स्थापिली होती, आणि १९०७ च्या कायद्यानें तिला असा अधिकार मिळाला होता कीं, जी जमीन ती अविक्रेय म्हणून जाहीर करील ती पुढें कोणासहि विकतां येऊं नये. सर चार्लस यानें १९४१ मध्यें, महायुद्ध ऐन भरांत असतांना, वाडा आणि सुमारें १३,००० एकरांची जहागीर या संस्थेस देऊन टाकली. १९५८ मध्यें मृत्यु येईपर्यंत तो तेथें राहिला. परंतु आतां तो मालक नव्हता.

इतर फाटकें अशा दानांनीं उघडलीं नाहींत. त्यांसाठीं लोकांस झगडावें लागलें. २४ एप्रिल १९३२ रोजीं मँचेस्टरकडील शेंकडों तरुण किंडर स्काउट नांवाच्या बंद डोंगरावर जाणूनबुजून चालत गेले, व त्यांतील पांच जणांस तुरुंगवास झाला. १९४९ मध्यें राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. आणि डोंगर-माळांवर हिंडण्याचा जो हक्क १९०८ च्या बिलानें मागितला होता, तो इंग्लंड व वेल्समध्यें २००० सालच्या कायद्यानें बऱ्याच अंशीं मिळाला. एका पायवाटेच्या मागणीस इतकीं वर्षें लागलीं.

आमच्याकडे या विद्येचें एक रोप फार लौकर लागलें, हें सांगावयास मला अभिमान वाटतो. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं मुंबईस भायखळ्याच्या म्यूझियममध्यें आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन आपले होते: प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांपैकीं डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि औषधी वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. गंमत अशी कीं, पुढच्याच वर्षीं या संस्थेस स्वतःची जागा मिळाली ती फिप्सन नांवाच्या एका सभासदाच्या दारूच्या दुकानांत! मँचेस्टरच्या कोष्ट्यांनीं हें ऐकलें असतें तर त्यांस मुळींच नवल वाटलें नसतें. ती संस्था आज सव्वाशें वर्षांची होऊन पुढें गेली आहे, आणि वर्षाकाठीं कित्येक मुलें तिच्या सहलींतून पहिला पक्षी ओळखावयास शिकतात.

आतां माझ्या त्या फाटकाविषयीं थोडें सांगून आपली रजा घेतों.

मुकादमानें आम्हांस कां अडविलें, तें मला पुढें कळलें. आदल्या वर्षीं कोठूनशी एक सहल आली होती. त्या मुलांनीं मोहोर ओरबाडला, मधाच्या पोळ्यास दगड मारले, आणि विहिरींत कचरा टाकला. मुकादमाला त्यापायीं मालकाचे बोल खावे लागले होते. हें ऐकल्यावर माझा राग माझ्यावरच उलटला. दुसऱ्या वर्षीं मीं बावीस ऐवजीं दहाच मुलें घेतलीं. निघण्यापूर्वीं त्यांच्याकडून कबुली घेतली कीं, पान तोडावयाचें नाहीं, आवाज करावयाचा नाहीं, आणि जें दिसेल तें वहींत लिहावयाचें. मालकांस आधीं पत्र लिहिलें. फाटक उघडलें. त्या सकाळीं मुलांनीं सांवरीच्या दोन झाडांवर एकोणीस जातींचे पक्षी मोजले. परत येतांना यादीची एक प्रत मीं मालकांस पाठविली. त्यांचा निरोप आला: "आमच्या बागेंत एवढे पक्षी येतात हें आम्हांसच ठाऊक नव्हतें. मास्तरांस दरवर्षीं येऊं द्यावें."

त्याप्रमाणें आम्ही सहा वर्षें गेलों. मग ते गृहस्थ वारले. मुलांनीं बाग विकली. तेथें आतां वसाहत झाली आहे. सांवरी राहिल्या नाहींत. वॉल्टन हॉलची कथा मी वाचली तेव्हां ती मला परक्या देशाची वाटली नाहीं, याचें कारण हेंच.

त्या बागेचें मंडळ करावें, तिच्यासाठीं गांवांत चार माणसें जमवावीं, हें मला त्या सहा वर्षांत सुचलें नाहीं. एका भल्या माणसाच्या भलेपणावर मीं सारा भार टाकला, आणि तो माणूस गेल्यावर हात चोळीत बसलों. माझ्यापाशीं उरली आहे ती फक्त सहा वर्षांची वही. तींत मुलांच्या वेड्यावाकड्या अक्षरांत पक्ष्यांचीं नांवें, तारखा आणि वेळा आहेत.

आपणांपैकीं पुष्कळांच्या गांवीं किंवा शहराच्या वेशीवर अजून एखादी जुनी बाग, एखादी राई, एखादें देवस्थानचें रान उभें असेल. तेथला मालक किंवा पुजारी आज भला असेल, आणि म्हणूनच आपण निश्चिंत असूं. माझी विनंती एवढीच कीं, या फाल्गुनांत चार मुलें आणि एक वही घेऊन तेथें जावें, आणि परत येतांना तेथल्या धन्यास विचारावें, "आपल्यामागें याचें काय?" तो प्रश्न वेळेवर विचारावयाचा राहिला, याची खंत या म्हाताऱ्या मास्तरास आहे.